जाळीमागच्या मुली आणि आमच्या गटातली पेटी



दर वेळी आम्ही इथे बचत, कर्जफेड, मालाचं पॅकिंग असं काही सांगतो. आज गाण्याबजावण्याचं सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, गटाचा आणि त्याचा काय संबंध? आम्हीही आधी असंच म्हणालो होतो.

आम्ही फुलंब्री तालुक्यातल्या एका ग्रामसंघातल्या चौघी. मुंबईला महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं, तिथे आमचा स्टॉल होता. हातशेवया, कुरडया, ज्वारीचे पापड आणि कारळाची चटणी. गिरगावातल्या एक आजी दोनदा येऊन शेवया घेऊन गेल्या. तिसऱ्यांदा आल्या त्या चार तिकिटं घेऊनच. म्हणाल्या, "मुलांचं येणं रद्द झालंय. ऑपेरा हाऊसला वाजवण्याचा कार्यक्रम आहे. तुम्ही या. मी आहेच तिथे."

तिकिटावरची किंमत वाचून आम्ही गप्प झालो. संध्याकाळची वेळ म्हणजे खरी विक्रीची वेळ. स्टॉल सोडून चौघींनी कसं जायचं? एक जण म्हणाली, "इंग्रजी बाजा ऐकून आपल्याला काय कळणार? धंदा बुडवून कुठं जायचं?" आमच्या शेजारी बीडच्या ताईंचा स्टॉल होता. त्या म्हणाल्या, "जा गं, आम्ही बघतो." मग हिशेबाची वही त्यांच्याकडे दिली आणि वांद्र्याहून लोकलने चर्नी रोडला उतरलो.

हे रॉयल ऑपेरा हाऊस म्हणजे जुनं नाट्यगृह. मुंबईत त्या सगळ्या चौकालाच ऑपेरा हाऊस म्हणतात. १९११ साली इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा बांधकाम पूर्णही व्हायचं होतं. पुढे तिथे मराठी संगीत नाटकं झाली, पृथ्वीराज कपूरांची नाटकं झाली, मग सिनेमे लागले. १९५२ मध्ये ते गोंडलच्या महाराजांनी विकत घेतलं. १९९३ ला बंद पडलं ते तेवीस वर्षं बंदच. वास्तुविशारद आभा नारायण लांबा या बाईंच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा उघडलं. आत सोनेरी नक्षी, लाल खुर्च्या, मोठी झुंबरं. आमच्या पायात साध्या चपला होत्या. दारावरच्या माणसाने तिकीट बघितलं आणि "या ताई" म्हणत खुर्चीपर्यंत नेऊन बसवलं. आम्हाला उगाच धाकधूक होती.

याच रंगमंचावर बालगंधर्व उभे राहिले, हे आजींनी सांगितलं. बालगंधर्व म्हणजे बाईच्या वेषातला पुरुष. त्यांचं नेसणं बघून घराघरातल्या बायका तसं नेसायला लागल्या. पण बाईचं काम बाईने करायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या दिवशी वाजवणार होता चेंबर ऑर्केस्ट्रा. चेंबर म्हणजे खोली. मोठ्या वाड्यातल्या दिवाणखान्यात मावेल एवढा, वीस-पंचवीस जणांचा संच. लहान व्हायोलिन, त्याहून जरा मोठं, मग मांडीत धरायचं आणि शेवटी माणसापेक्षा उंच, उभ्याने वाजवायचं. ढोल नाही, ताशा नाही. तमाशाच्या फडाचा जसा दसऱ्यापासून हंगाम असतो, तसा यांचाही हंगाम असतो, त्याला ते सीझन म्हणतात. मुंबईत एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया नावाचा मोठा संच २००६ पासून आहे, त्याचा हंगाम वर्षातून दोनदा असतो. त्याच्याही आधी, १९६२ मध्ये, जिनी दिनशॉ या पारशी बाईंनी बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा उभा केला होता. एका बाईने उभा केलेला संच, हे ऐकून आम्हाला बरं वाटलं.

आणि हे वाजवणं आपल्याला अगदीच परकं आहे असंही नाही. जुन्या हिंदी गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये एकदम पन्नास व्हायोलिनं उठतात, ती आपण लहानपणापासून रेडिओवर ऐकतोच. ती वाजवणारे कितीतरी जण गोव्याचे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातले एक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले. 'अमर अकबर अँथनी' मधलं ते नाव गुरूचं आहे.

कार्यक्रमात इटलीतल्या व्हिवाल्डी नावाच्या माणसाच्या चार रचना होत्या. नाव 'चार ऋतू'. १७२५ साली छापल्या गेल्या, म्हणजे तीनशे वर्षं झाली. चारी मिळून पाऊण तासाच्या आतच संपतात. प्रत्येक ऋतूचे तीन भाग. पहिला भाग संपल्यावर आम्ही जोरात टाळ्या वाजवल्या. बाकी सगळे गप्प. ऋतू पूर्ण झाल्यावर टाळ्या वाजवतात म्हणे. आजी हळूच म्हणाल्या, "आवडलं म्हणून वाजवल्या ना? मग काही बिघडत नाही."

व्हिवाल्डीने प्रत्येक ऋतूसोबत एक कविता छापली होती. त्यात काय चाललंय ते लिहिलेलं. वसंतात पाखरं बोलतात, गुराखी झोपलेला आहे आणि त्याचं कुत्रं भुंकतंय. ते भुंकणं खरंच वाजवतात! हिवाळ्यात दात कडकड वाजतात, माणूस बर्फावरून जपून चालतो आणि तरी पडतो. पण आम्हाला धरून ठेवलं ते उन्हाळ्याने. आधी सुस्त दुपार. ऊन इतकं की सूरसुद्धा ओढत ओढत येतात. माशा घोंघावतात. लांब कुठेतरी ढग वाजतो आणि गुराखी घाबरतो. मग वादळ येतं. सगळी व्हायोलिनं एकदम, वरून खाली, खाली वरून. कवितेत लिहिलंय की गारा पडतात आणि उभ्या पिकाची कणसं मोडतात.

मैत्रिणींनो, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा आम्ही आमच्या शेतात होतो. सोंगणीला आलेला गहू आडवा झालेला बघितला. पत्र्यावर गारा पडतानाचा आवाज कानात बसलाय. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने तोच आवाज लाकडाच्या नि तारेच्या वाद्यातून काढला. आमच्यातली जी म्हणत होती की काय कळणार, तिने माझा हात घट्ट धरला होता. वादळ थांबलं तेव्हा सोडला.

मध्यंतरात चहा घेताना आजींनी व्हिवाल्डीची गोष्ट सांगितली. घरी आल्यावर आम्ही ती वाचून खात्रीही करून घेतली. हा माणूस इटलीतल्या व्हेनिस शहरात राहायचा. १७०३ पासून तो पिएता नावाच्या संस्थेत व्हायोलिन शिकवायला होता. ती संस्था टाकून दिलेल्या मुलांची. भिंतीत एक कोनाडा होता, लोक तान्हं मूल त्यात ठेवून जायचे. कधी आई अर्धं कापलेलं पदक मुलाजवळ ठेवायची आणि अर्धं आपल्याकडे, पुढेमागे ओळख पटावी म्हणून. तिथे वाढणाऱ्या मुलींपैकी काहींना गाणं आणि वाद्यं शिकवत. मोठ्या मुली लहानींना शिकवत. त्यांचा असा संच तयार झाला की युरोपातून लोक व्हेनिसला त्यांना ऐकायला यायचे. त्यांच्यामुळे संस्थेला देणग्या मिळायच्या.

पण त्या दिसायच्या नाहीत. चर्चमध्ये वरच्या सज्जात लोखंडी जाळी होती, तिच्यामागे बसून त्या वाजवायच्या. खाली बसलेल्यांना फक्त आवाज. या मुलींना आडनाव नव्हतं. जे वाद्य वाजवायची तेच तिचं नाव. अॅना मारिया नावाची एक मुलगी होती, तान्ही असताना तिथे आलेली. तिला अॅना मारिया व्हायोलिनवाली म्हणत. व्हिवाल्डीने तिच्यासाठी कितीतरी रचना लिहिल्या आणि पुढे ती स्वतः तिथे शिकवायला लागली. पण एखादी मुलगी लग्न करून बाहेर पडली, तर यापुढे लोकांसमोर वाजवणार नाही असं तिला कबूल करावं लागे.

हे ऐकल्यावर आमच्यातली एक ताई चहाचा कप धरून नुसती उभी राहिली. आम्हाला कारण माहीत होतं. तिचे वडील कीर्तनात पेटीची साथ करायचे. ती त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकली. लग्नाला पंधरा वर्षं झाली. तिच्या माहेरची पेटी सासरी आली, पण माळ्यावर गेली. कुणी मारलं नाही, रागावलं नाही. "घरात वाजव हवं तर, चारचौघांत कशाला?" एवढंच. आणि घरात वाजवायला वेळ कधी असतो, ते तुम्हाला माहीत आहे.

आजी म्हणाल्या, आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? नाटकात बाईचं काम पुरुष करायचे. घरंदाज बाईने जाहीर गायचं नाही, हीच समजूत. तशा काळात हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून मैफली केल्या. कुणीतरी पहिल्यांदा बसावं लागतं.

देवगिरी एक्सप्रेसने परत येताना ती ताई म्हणाली, "पेटीचा भाता फाटलाय. उंदरांनी खाल्लाय." एवढंच बोलली आणि झोपली. आम्ही समजून गेलो.

गावी आल्यावर बैठकीत विषय काढला. दुरुस्तीला अठराशे रुपये लागणार होते. एक जण म्हणाली, गटाच्या पैशातून द्या. दुसरीने स्पष्ट विरोध केला, आणि तिचं बरोबर होतं. बचतीचा पैसा ज्याच्या त्याच्या कष्टाचा आहे, त्याला कर्जाशिवाय हात लावायचा नाही हा आपला नियम. मग बचतीला हात न लावता बारा जणींनी दीडदीडशे रुपये वेगळे काढले. विरोध करणाऱ्या ताईने सगळ्यात आधी दिले. पेटी शहरात नेऊन दुरुस्त करून आणली.

मग तिच्या सासूबाईंकडे गेलो. भांडायला नाही, चहा प्यायला. म्हणालो, "आत्याबाई, आमच्या बैठकीत सगळ्या बायकाच असतात. बैठक संपल्यावर वीस मिनिटं तिला वाजवू द्या. तुम्हीही या." आत्याबाई म्हणाल्या, "परक्या गावात वाजवायला नेणार नाही ना?" आम्ही म्हणालो, तिला आणि तुम्हाला विचारल्याशिवाय नाही. पहिल्या दिवशी त्या आल्या नाहीत. दुसऱ्या वेळी दारात उभ्या राहिल्या. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "तो जुना अभंग येतो का गं तुला?"

आता तुम्ही म्हणाल, व्हायोलिन इंग्रजांचं, पेटी आपली. तसंही नाही. पेटीही फ्रान्समधून आली, १८४० च्या सुमारास तिथे तयार झाली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून, एका हाताने भाता हलवून वाजवता येईल असं रूप दिलं. आणि गंमत ऐका, याच रेडिओवर, म्हणजे आकाशवाणीवर, १९४० पासून तीस वर्षं पेटीला बंदी होती. परकं वाद्य म्हणून! तोवर ती आपल्या भजनात, कीर्तनात, तमाशात कधीच रुजली होती. जे वाजवता वाजवता आपलंसं होतं ते आपलं.

आज कार्यक्रमाच्या सुरुवातीला तुम्ही जी पेटी ऐकलीत, ती याच ताईने वाजवली. तिने सांगितलंय, नाव घेऊ नका. म्हणून घेतलं नाही. तिच्या घरात अजून सगळे तयार नाहीत. ध्वनिमुद्रण झालं तेव्हा ती हसत म्हणाली, "म्हणजे मीही जाळीमागचीच झाले." आम्हाला त्यावर काही बोलता आलं नाही. तुमच्यापर्यंत तिचा आवाज पोचतोय, ती पोचत नाही. पण त्या व्हेनिसच्या मुलींना जाळी कधी काढायची हे विचारलं गेलं नव्हतं. हिचं नाव कधी सांगायचं ते तीच ठरवणार, एवढा फरक आम्ही नक्की राखू.

आता तुमच्याकडे एकच मागणं. पुढच्या बैठकीत हजेरी घेताना बचतीच्या रकमेसोबत एक प्रश्न विचारा: लग्नाआधी तुला काय येत होतं? कुणाला ओव्या येत असतील, कुणाला ढोलकी, कुणाला नुसती शीळ. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. बैठकीनंतरची पंधरा-वीस मिनिटं तिला द्या. घरच्यांशी बोलायला लागलं तर तिला एकटीला पाठवू नका, तिघी-चौघी मिळून जा.

आणि हो, ऑपेरा हाऊसच्या त्या संध्याकाळी आमच्या स्टॉलवरची चटणी बीडच्या ताईंनी सगळी विकून टाकली होती. त्यांना आम्ही शेवयांचा एक किलोचा पुडा दिला.

येतो आम्ही. नमस्कार.