रद्दीत गेलेली चित्रे

(रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या बालचित्र प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



उद्घाटनाला मला बोलावलंत, पण खरं सांगते, या मानाची मी धनी नाही. का, ते ऐका.

आपली सोसायटी झाली तेव्हा माझा मुलगा दुसरीत होता. दिसेल त्या कागदावर चित्र काढायचा. दिवाळीच्या साफसफाईत मी त्याची चित्रांची फाईल पेपरांसोबत रद्दीत दिली. शाळेतून आल्यावर त्याने विचारलं. मी म्हटलं, "अरे, पुन्हा काढ ना!" तो रडला नाही. पण त्यानंतर घरात चित्र काढताना मला दिसलाही नाही.

यंदा स्मरणिकेसाठी समितीने जुने फोटो मागितले. सुरुवातीच्या दिवसांचा एकही मिळाला नाही. तेव्हा शेजारच्या काकूंनी कपाटातल्या साड्यांखालून एक कागद काढला. फाटकाजवळचा कडुनिंब, हातपंपावरची रांग, अर्धवट बांधलेली टाकी आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरात माझ्या मुलाचं नाव. आईने विकलं, शेजारणीने जपलं! आज तो कडुनिंब नाही, हातपंपही नाही. दोन्ही आहेत ते त्या कागदावर.

आपण कारंज्याची माणसं. इथल्या जैन मंदिरांनी शेकडो वर्षं हस्तलिखित पोथ्या कापडी वेष्टनात बांधून जपल्या. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीचं 'णायकुमारचरिउ' डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलं आणि १९३३ साली ते कारंज्याहून प्रसिद्ध झालं. जपण्याची सवय या गावाला नवी नाही.

दुसऱ्या महायुद्धात टेरेझिनच्या बंदिस्त ज्यू वस्तीत फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार मुलांना चित्रकला शिकवायची आणि चित्रावर नाव लिहायला लावायची. १९४४ मध्ये तिला आउश्वित्झला नेलं. दोन सुटकेसमध्ये मागे राहिलेली सुमारे साडेचार हजार चित्रं आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यातली बहुतेक मुलं वाचली नाहीत. नावं उरली.

म्हणून माझं सांगणं एवढंच. सगळं ठेवणं जमत नाही, तर वर्षाची दहा चित्रं ठेवा. कोणती, ते मुलालाच ठरवू द्या. मागे पेन्सिलीने नाव, वय, तारीख लिहा. तेलखडूच्या चित्रांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर रंग एकमेकांना लागतात. सेलोटेप लावू नका, त्याचे पिवळे डाग पडतात. लॅमिनेशनही नको, ते पुन्हा काढता येत नाही. घडी न घालता सपाट ठेवा, ओल असलेल्या भिंतीपासून दूर. लावायचं तर ऊन येत नाही अशा भिंतीवर लावा. स्केचपेनचा रंग आपल्या उन्हात टिकत नाही. दोन-तीन महिन्यांनी चित्र बदला, म्हणजे प्रत्येकाचा नंबर लागेल. आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

समितीला एक विनंती. प्रत्येक जिन्यात सावलीची एक भिंत पोरांना द्या.

परवा त्या चित्राचा फोटो मी मुलाला पाठवला. रात्री उशिरा उत्तर आलं, "आई, टाकीला शिडी काढायची राहिली होती."

पुढच्या खेपेला तो येईल, तेव्हा खडू मी आणून ठेवणार आहे.