राखणदाराची राखण



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. उन्हे उतरल्यावर चार माणसांनी एकत्र बसावे आणि विचारांची देवघेव करावी, ही ती प्रथा. ती आज आपल्या पिंगळीपर्यंत पोचली आहे. या व्यासपीठावरून मोठमोठे विषय मांडले जातात. आम्ही मात्र आज अगदी घरगुती विषय घेऊन आलो आहोत. माणसाने रोजच्या रोज स्वतःची काळजी कशी घ्यावी, एवढाच तो विषय आहे. तो ऐकून कोणी म्हणेल, यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे? पण जे सर्वांना ठाऊक आहे तेच फार थोड्यांच्या हातून घडते, म्हणून ते पुन्हा सांगावे लागते.

ज्वारी हुरड्यात आली म्हणजे आपण माळ्यावर चढून गोफण फिरवतो. डोळ्यात तेल घालून पाखरे राखतो. बैलाचा खांदा सुजला तर त्या दिवशी त्याला जुंपत नाही. मोटारीतून वेगळा आवाज आला तर लगेच मेस्त्रीला बोलावतो. पण ज्याच्या जिवावर हे सारे चालते, त्या माणसाची राखण कोण करतो? त्याचे डोके आठ-आठ दिवस दुखत असते आणि तो म्हणतो, ‘चालायचेच, सुगी आटोपली की बघू.’ सुगी आटोपते, मग लग्नसराई येते, मग पेरणी. बघणे राहून जाते. शेवटी माणूस अंथरुणाला खिळतो, तेव्हा एकटा तो पडत नाही; त्याच्याबरोबर सगळे घर पडते. म्हणून आमचे म्हणणे असे की स्वतःची निगा राखणे हा स्वार्थ नव्हे आणि चैनही नव्हे. ज्याच्यावर इतरांचा भार आहे, त्याचे ते कर्तव्यच आहे.

हे कर्तव्य कसे निभवावे याचे एक उदाहरण महर्षी कर्वे यांच्या चरित्रात सापडते. १९०० साली त्यांचा आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. स्वतः ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. शिकवणे आटोपले की आश्रमासाठी लागणारे जिन्नस घेऊन ते सुमारे चार मैलांची वाट पायी तुडवीत. अण्णांचा जन्म १८५८ चा आणि मृत्यू १९६२ चा. म्हणजे एकशेचार वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. केवळ चालण्यामुळे ते इतके जगले, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अण्णांनी व्यायामासाठी निराळा वेळ शोधला नाही. ज्या कामाचा त्यांना ध्यास होता, त्या कामातच चालणे गुंतलेले होते, म्हणून ते सुटले नाही.

चांगल्या सवयीचे मर्म यातच आहे. नुसता संकल्प चार दिवस टिकतो; पण जी गोष्ट आधीच रोज घडते, तिच्या शेपटीला नवी गोष्ट बांधली तर ती टिकते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. रोजचा हिशेब केला तर ती बावीस मिनिटेही भरत नाही. दुकानात किंवा कचेरीत बसून काम करणाऱ्याने बाजाराला जाताना मोटारसायकल घरी ठेवली, तरी हे साधते. उलट, दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला व्यायामाचा उपदेश करणे म्हणजे तिची थट्टा आहे. तिला विसावा हवा. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्येला एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्यात तो बलवानालासुद्धा अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करायला सांगतो. थंडी आणि वसंत सरल्यावर तर त्याहूनही कमी. पुरे कोठे म्हणावे हे कळणे, हीसुद्धा निगाच आहे.

आता आपल्या भागातल्या दोन-तीन गोष्टी बोलू. पहिली उन्हाची. परभणीचा वैशाख कसा असतो हे तुम्हांस सांगायला नको. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. शेतावर निघताना डोक्याला रुमाल बांधतो, तेव्हाच पाण्याचा तांब्या किंवा बाटली हाती घ्यावी. जुलाब किंवा उन्हाने अंगातले पाणी कमी झाले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढे घरात असतेच. पण उन्हात माणूस बरळू लागला, अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर त्याला सावलीत आणून अंगावर पाणी घालावे, वारा घालावा आणि त्याच वेळी दवाखान्याची वाट धरावी. तेथे उशीर कामाचा नाही.

दुसरी गोष्ट हात धुण्याची. १८४७ साली व्हिएन्ना येथे सेमेलवाइस या डॉक्टरने आपल्या सहकाऱ्यांना बाळंतिणीला तपासण्यापूर्वी औषधी पाण्याने हात धुवायला लावले, आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. हातावरचे मरण डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे तर हाताला कीटकनाशकही लागते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. फवारा मारताना तोंड आणि हात झाकावेत, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करू नये आणि काम होताच साबणाने अंग धुऊन, कपडे बदलून मगच भाकरीला हात लावावा. तंबाखूची चिमूटही तोवर नको.

तिसरी गोष्ट माउलींसाठी आहे. पण ती पुरुषांनीच नीट ऐकावी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. घरातली बाई सर्वांना वाढून शेवटी जेवते. भाजी उरली तर खाते, नाहीतर चटणीशी भाकरी मोडते. हे आपण तिचे मोठेपण समजतो! एक वेळ तरी सर्वांनी एकत्र पानावर बसावे. पालेभाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, म्हणजे अन्नातले लोह अंगी लागते. यात पैशाचा प्रश्न थोडा आणि रीत बदलण्याचा जास्त आहे.

आणि शेवटची निगा मनाची. पाऊस दगा देतो, भाव पडतात, कर्ज डोक्यावर बसते, आणि माणूस घुम्यासारखा बसून राहतो. आपल्या मराठवाड्यात अशा किती घरांचे दिवे अकाली विझले, हे आपण जाणतो. बोलल्याने कर्ज फिटत नाही, हे खरे. पण ओझे दोघांनी धरले तर पाठ मोडत नाही. दिवेलागणीला पारावर घटकाभर बसावे. जो नेहमी येतो आणि चार दिवस दिसत नाही, त्याच्या दारात जाऊन ‘काय भाऊ, कसे काय?’ एवढे तरी विचारावे. घरच्यांशी बोलवत नसेल तर सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ ही सोय सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि आपल्या भाषेत बोलता येते. त्यात कमीपणा नाही. पाय मोडला तर आपण लपवतो का?

मंडळी, एवढे सगळे उद्यापासून करा असे आम्ही सांगत नाही. तसे सांगितले तर परवा काहीच उरणार नाही. यातली एकच गोष्ट निवडा, ती रोजच्या एखाद्या कामाला बांधा आणि पुढल्या वसंतापर्यंत सोडू नका. पीक राखणारा धडधाकट असेल, तर पीक राखले जाईल.