इंजिनाला उडण्याची परवानगी कोण देतो?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



आम्हा मंडळींचे आयुष्य यंत्रांच्या संगतीत गेले, म्हणून मंडळाने यंदा आम्हाला लढाऊ विमानांच्या इंजिनांवर बोलायला सांगितले. विषय बेंगळुरूचा वाटेल, पण तो आपल्या शेजारचा आहे. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात वायुसेनानगरला आहे. विमानांची आणि इंजिनांची मोठी दुरुस्ती करणारे हवाई दलाचे डेपो या कमांडच्या हाताखाली चालतात. सौंसरहून सकाळी निघालेला माणूस जेवणाच्या वेळेआधी तिथे पोहोचतो. पण हे काम काय असते, त्याला कोणते शिक्षण लागते, हे आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही.

प्रवासी विमान उडण्यायोग्य आहे की नाही हे डीजीसीए ठरवते. लष्करी विमानाचे आणि त्याच्या इंजिनाचे प्रमाणपत्र डीआरडीओच्या सेमिलॅक या बेंगळुरूच्या संस्थेकडून मिळते. तिची प्रादेशिक केंद्रे कारखान्यांजवळ आहेत. नाशिकला आहे, ओडिशात कोरापुटला आहे. कारखान्यात माल ठरल्याप्रमाणे बनतो का, हे पाहणारे खाते वेगळे, त्याचे नाव डीजीएक्यूए. बनवणारा, तपासणारा आणि प्रमाणपत्र देणारा वेगवेगळे असावेत, हा यातला पाया. आपल्या मुलाची उत्तरपत्रिका आपणच तपासू नये, इतकी ही साधी गोष्ट आहे.

मग प्रमाणपत्र देण्याआधी काय पाहतात? जेट इंजिनाच्या टर्बाइनमधून जाणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळबिंदूहूनही तप्त असतो. पात्याच्या आत हवा खेळवून ते थंड ठेवतात म्हणून ते टिकते. असे एखादे पाते तुटले तर ते इंजिनाच्या कवचातच अडकले पाहिजे, बाहेर पडता कामा नये. पक्षी आत ओढला गेला तर काय होते, हेही चाचणीत पाहतात. पण ज्या चकतीवर पाती बसवतात ती फुटली, तर तिला अडवेल इतके जाड कवच विमानाला पेलवत नाही. म्हणून चकतीचे आयुष्य आधीच ठरवतात आणि ते संपले की, ती डोळ्यांना नवी दिसत असली तरी, काढून टाकतात. हे आयुष्य नुसत्या तासांत मोजून भागत नाही. प्रवासी विमान तासन्तास एकाच वेगाने जाते. लढाऊ विमानाचा वैमानिक एका उड्डाणात कितीतरी वेळा जोर वाढवतो, कमी करतो. तापणे-निवणे जितके जास्त, तितका धातू लवकर थकतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यावरून हात फिरला की सूज कुठे आहे, कातडे कुठे सोलले आहे, ते हाताला कळते. बैल बसण्याआधी दुखणे ओळखायचे, हीच देखभालीची गुरुकिल्ली. इंजिनाच्या बाबतीत तो हात म्हणजे वंगणाच्या तेलाची तपासणी. तेलाचा नमुना काढून त्यात कोणत्या धातूचे कण किती आहेत ते मोजतात. लोखंड आणि क्रोमियम वाढू लागले की संशय बेअरिंगवर जातो.

याचे मोठे उदाहरण सुखोई-३० विमानाचे. २०१५ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी या विमानाच्या इंजिनांतील बिघाडांची माहिती दिली, तेव्हा त्यातले बरेच बिघाड बेअरिंगमुळे झाल्याचे सांगितले. पर्रीकर स्वतः आयआयटी मुंबईचे धातुशास्त्राचे अभियंते होते. सुखोईला दोन इंजिने असल्याने एकावर परतता येते. तेजसला एकच इंजिन आहे. तिथे तेलाच्या अहवालातला एक आकडा नजरेआड झाला, तर वैमानिकाच्या हाती थोडेच उरते.

आता शिक्षणाकडे वळू. नियम पाठ करून हा अभियंता तयार होत नाही. ब्रिटनच्या हवाई दलाचे निमरॉड विमान २ सप्टेंबर २००६ रोजी अफगाणिस्तानात जळून कोसळले, १४ जण गेले. २००९ साली चौकशी अहवाल आला. त्या विमानाच्या सुरक्षिततेची कागदपत्रे रीतसर तयार झालेली होती, पण विमान इतकी वर्षे उडते आहे म्हणजे सुरक्षितच असणार, असे मनाशी धरून ती लिहिली गेली होती. खरा धोका त्यांतून निसटला. त्यानंतर ब्रिटनने लष्करी विमानांसाठी स्वतंत्र नियामक संस्था उभी केली.

म्हणून या अभियंत्याला आधी शिकवावे लागते ते भाग कसा तुटतो हे. थकवा, तापून हळूहळू लांबणे, गंज. मग चाचणीचे आकडे वाचणे, आणि एखादा बिघाड किती घातक व किती संभवनीय याचा हिशेब मांडणे. अपघातांचे अहवाल मुळातून वाचणे. आणि शेवटी, वरिष्ठ घाईत असताना, विमानांची गरज असताना, ‘अजून नाही’ असे कारणांसह लिहून त्याखाली सही करणे. हे शेवटचे सर्वांत अवघड, आणि ते अनुभवी माणसाच्या शेजारी बसूनच येते.

देशाला अशा माणसांची गरज वाढते आहे. १९८९ साली मंजूर झालेले कावेरी इंजिन उंचीवरच्या उड्डाण-चाचणीसाठी २०१० मध्ये रशियात न्यावे लागले आणि तेजस परदेशी इंजिनावरच उडते आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुखोईच्या २४० इंजिनांचा, २६,००० कोटींहून अधिक रकमेचा करार एचएएलशी झाला; ती कोरापुटला बनणार आहेत. प्रत्येक इंजिनामागे कोणाची तरी नजर आणि सही लागेल.

आपल्या मुला-मुलींसाठी वाटा आहेत. अभियांत्रिकीनंतर गेट देऊन पुण्याच्या गिरीनगर येथील डीआयएटी या संरक्षण संस्थेत एम.टेक. करता येते. हवाई दलाच्या तांत्रिक शाखेतील अधिकाऱ्यांना बेंगळुरूजवळ जालहळ्ळीला प्रशिक्षण मिळते. आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना एचएएल शिकाऊ उमेदवार म्हणून घेते. पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला, पण आपली मुले शिकायला पूर्वीपासून नागपूरलाच जातात. तिथे जाणाऱ्याला घरच्यांनी पगाराबरोबर कामाविषयीही विचारावे.

घरातही एक गोष्ट करता येईल. बागेतल्या मोटरचा आवाज बदलल्याचे पोराने सांगितले, तर ‘चालतेय तोवर चालू दे’ म्हणून त्याला गप्प करू नका. त्याच्याबरोबर जाऊन बघा. या कामाला लागणारी सवय तिथेच लागते.

गणपती बाप्पा मोरया!