वेचणीचा हंगाम आणि शाळेची घंटा



दिवाळी सरली की खानदेशात कापूस वेचणीला जोर येतो. मजुरी वजनावर मिळते. घरचे जितके हात, तितका वेचा जास्त. म्हणून याच दिवसांत शाळेतील हजेरी रोडावते. धुळे-जळगावकडील शिक्षकांना हे मी सांगायला नको. परंतु हाच प्रश्न जगाने शंभर वर्षांपूर्वी हाती घेतला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आपल्या देशातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना मात्र नऊ तास राबविण्यास मुभा ठेवली! शिवाय शंभराहून कमी माणसांचे आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्याने वगळले. आता कापसाचे जिन तर हंगामापुरतेच चालायचे. म्हणजे जेथे पोरे होती, तेथे कायदा नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली. तिची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली. हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने तेथे आपले नारायण मल्हार जोशी गेले होते. उद्योगधंद्यात चौदा वर्षांखालील मूल नको, असा करार तेथे झाला; हिंदुस्थानपुरते वय बारा ठरले. १९२२ मध्ये आपला कायदा त्याप्रमाणे सुधारला. १९२१ मध्ये शेतीविषयी वेगळा करार झाला. त्याचे सार असे, की शाळेच्या वेळेत चौदा वर्षांखालील मुलाला शेतकामास लावू नये. घरच्या कामाला हातभार लावणे हा काही गुन्हा नव्हे. पण शाळेची घंटा वाजली की मूल शाळेत हवे.

पुढे १९७३ आणि १९९९ मध्ये आणखी दोन मोठे करार झाले. भारताने त्या दोहोंना २०१७ साली मान्यता दिली. २००० साली जगात सुमारे २४ कोटी ६० लाख बालमजूर होते. २०२४ मध्ये ते १३ कोटी ८० लाखांवर आले. २०२५ पर्यंत ही प्रथा संपविण्याचा संकल्प मात्र तडीस गेला नाही. या मुलांपैकी निम्म्याहून अधिक शेतीतच आहेत.

असे का व्हावे? कारखान्याला दार असते, हजेरीपट असतो. शेताला दोन्ही नाहीत. मुलाने वेचलेला कापूस आईच्या गाठोड्यात जातो, तिच्या नावावर तोलला जातो. मुलाचे नाव कोठेच लागत नाही. मग तपासनीस शोधणार कोणाला?

त्याचे नाव असते ते एकाच ठिकाणी, गुरुजींच्या हजेरीपटावर. म्हणून शिक्षकबंधुभगिनींनो, सलग तीन दिवस गैरहजेरी दिसली की त्या घरी जाऊन या. ऊसतोडीला निघालेले कुटुंब असेल, तर मुलाला आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का, ते कोयता निघण्यापूर्वीच विचारा. मूल फार अडचणीत दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवा.

आणि शेतकरीदादांनो, वजनकाट्याशी आपण एवढेच विचारावे : या गाठोड्यात शाळेच्या वेळेतला कापूस किती? तो वेगळा काढता आला, तर १९२१ चा करार आपल्या बांधापर्यंत पोचला म्हणायचा.