पोटभर चारा, अर्धपोटी जनावर

दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत म्हशीपुढची भुशाची पाटी रिकामी होते, म्हैस तासन्‌तास रवंथ करीत बसते, आणि तरीही सायंकाळी बादलीत दूध पडते ते बेताचेच. मालक जनावराच्या जातीला दोष देतो. पुष्कळदा दोष असतो तो वैरणीचा. गव्हाच्या भुशात प्रथिने शेकडा तीन-चार भागच असतात. आणि कोरड्या चाऱ्यातील हे प्रमाण शेकडा सातांच्या खाली उतरले, म्हणजे म्हशीच्या जठराच्या पहिल्या कप्प्यात राहणारे असंख्य सूक्ष्मजंतूच उपाशी पडतात. चाऱ्यातील चिवट तंतू फोडून त्यांचे अन्न करणारे खरे आचारी तेच. ते दुबळे झाले की चारा पोटात रेंगाळतो, नव्यास जागा उरत नाही, आणि जनावर खाणेच कमी करते.

हिरवे गवत घातले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. उष्ण कटिबंधातील गवत कडक उन्हात झपाट्याने वाढते आणि तितक्याच झपाट्याने जून होते. त्याच्या पानांत शिरांची दाटी असते, दांड्यात काष्ठद्रव्य साचते. थंड देशांतील कुरणाचा मऊपणा त्याला नाही.

दिल्लीच्या पुसा संस्थेने (ही मूळची बिहारमधील पुसा गावची, 1934 च्या भूकंपानंतर 1936 साली दिल्लीस आली) बाजरी आणि आफ्रिकेतले नेपियर, म्हणजेच हत्ती गवत, यांचा संकर करून ‘पुसा जायंट नेपियर’ सिद्ध केले. बाजरीची गुणसूत्रे 14, नेपियरची 28, आणि या अपत्याची 21. त्यामुळे त्याला बी धरत नाही, उसासारखी कांडी किंवा ठोंब लावावे लागतात. एकदा लावले की कित्येक वर्षे कापत राहावे. पण पुरुषभर उंच गवत पाहून डोळे निवतात आणि शेतकरी कापणी लांबवतो. येथेच तो फसतो. भारे वाढतात, पचनीय अंश घटतो. पहिली कापणी झाल्यावर साधारण चाळीस दिवसांनी पुन्हा विळा लावावा, हे उत्तम. अगदी कोवळे कापावे, तर त्यात ऑक्झॅलेट अधिक असते, आणि ते चाऱ्यातील कॅल्शियम बांधून टाकते.

या दोन्ही उणिवांवर उतारा द्विदल वैरणीचा. 1904 साली मिसर देशातून सिंधमध्ये आलेले बरसीम आज उत्तर भारतात रूढ झाले आहे. त्याच्या कोरड्या अंशात प्रथिने शेकडा सतरा ते वीस, कॅल्शियमही भरपूर. आणि मुळांवरच्या गाठींतील जंतू हवेतला नत्रवायू पिकाला मिळवून देतात. दिल्लीच्या थंडीत नेपियरची वाढ थबकते, नेमक्या त्याच वेळी बरसीम जोमात असते. म्हणून नेपियरच्या रुंद ओळींत ऑक्टोबरमध्ये बरसीम पेरण्याची पद्धत तिकडे आहे. मात्र उपाशी म्हशीने ओले बरसीम भराभर खाल्ले, तर पोटफुगीने ती दगावूही शकते. त्यासाठी आधी थोडा भुसा द्यावा, किंवा त्यात मिसळावा. ज्या भुशावर एकट्याने म्हैस जगत नाही, तोच येथे तिला तारतो, आणि बरसीममधील नत्रामुळे स्वतःही अधिक पचतो.

मे महिन्याच्या उन्हात बरसीम संपते. तोवर नेपियर पुन्हा फुटलेले असते, आणि त्याच्या ओळींत चवळी पेरावयाची वेळ झालेली असते.