स्वस्त कापडाची खरी किंमत



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजींना अभिवादन करून मी विषयाकडे वळतो. कापड फार स्वस्त मिळते, तेव्हा त्याच्या किमतीचा काही भाग दुसराच कोणी भरत असतो. तो कोण, हे दोन उदाहरणांवरून पाहू.

तमिळनाडूतील तिरुप्पूर हे होजिअरी निर्यातीचे मोठे केंद्र. सुती कापडावर रंग नीट चढावा म्हणून रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ घालावे लागते. नेहमीच्या शुद्धीकरणाने रंग निघतो. विरघळलेले मीठ मात्र पाण्यातच राहते. असे पाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत जात राहिले. शेतीसाठी बांधलेल्या ओरत्तुपाळयम धरणात सांडपाणी साचले आणि परिसरातील विहिरी खारावल्या. शेतकरी न्यायालयात गेले. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने रंगकामाचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. पुढे पाणी गाळून व आटवून, पाणी आणि मीठ दोन्ही पुन्हा वापरण्याची पद्धत तेथे रुळली. हे तंत्र अगोदरही ठाऊक होते. उणीव होती ती बंधनाची.

दुसरे उदाहरण बांगलादेशातील. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आदल्या दिवशी तिला तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद राहिली. शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले. १,१३४ जीव गेले. तेथील काही कारखान्यांची खरेदीदारांच्या नियमांनुसार तपासणीही झालेली होती! त्यानंतर महिनाभरातच परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बंधनकारक असा सुरक्षा करार झाला. स्वतंत्र तपासणी, तिचे जाहीर अहवाल आणि दुरुस्तीच्या पैशांची तजवीज हे त्याचे मर्म.

यामुळे भाव वाढतील, ही शंका रास्त आहे. परंतु हा खर्च नव्याने निर्माण होत नाही. आजवर तो शेतकऱ्याच्या विहिरीने आणि कामगाराच्या प्राणाने भरला. तो आता किमतीत लिहिला जाईल, एवढेच.

आपली शाळा दरवर्षी गणवेशाची निवड करते. रंगाचे पाणी कोठे जाते आणि शिवणाऱ्याच्या हाती किती मजुरी पडते, हे दोन प्रश्न पुरवठादाराला विचारून त्यांची उत्तरे करारात लेखी घ्यावीत, अशी माझी नम्र सूचना आहे. सदिच्छा पुरेशी ठरत नाही, हे आपण पाहिलेच. शब्द कागदावर यावा आणि तो पाळला जातो की नाही, हे कोणीतरी जाऊन पाहावे.