संस्था उभी राहते कशावर?



गावोगावी वाचनालये आहेत, महिला मंडळे आहेत, शिक्षणसंस्था आहेत. यांपैकी कुणालाही नफा वाटून घ्यायचा नसतो. तरीही एक संस्था पन्नास वर्षे चालते आणि शेजारच्या गावची दहा वर्षांत कुलूपबंद होते. पैसा कमी पडला, असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. पण शिलकीत पैसा असताना बंद पडलेल्या संस्थाही तुम्ही पाहिल्या असतील. तेव्हा पैशाआधी तीन गोष्टी पाहू या : पुढारी, कारभार आणि साधन.

आधी पुढाऱ्याकडे वळू. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह निघाले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. पण खेडोपाडी शाळा काढायच्या, तर शिकवणार कोण? हे ओळखून १९३५ साली त्यांनी साताऱ्यात शिक्षक घडवणारे विद्यालय काढले. १९५९ साली भाऊराव गेले. संस्था थांबली नाही. आज तिच्या शेकडो शाखा आहेत. त्यांनी नुसत्या इमारती मागे ठेवल्या नव्हत्या, माणसे तयार करून ठेवली होती. आपल्या अध्यक्षांनाही विचारून पाहा : "दादा, तुम्ही महिनाभर वारीला गेलात, तर किल्ली कुणाकडे?" उत्तर आले नाही, तर संस्था एकाच खांद्यावर आहे असे समजावे.

आता कारभार. विश्वस्त हा राखणदार. शेत त्याच्या मालकीचे नसते. आपल्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० सालचा आहे. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. त्याला आपण चेंज रिपोर्ट म्हणतो. कागदाचा एक तुकडा, पण तो राहिला की काय होते? जुने अध्यक्ष वारतात, नव्यांचे नाव कुठेच लागत नाही. बँक सही मानत नाही, अनुदान अडते, आणि "खरे विश्वस्त कोण?" यावर दोन तट पडतात. गुरुजी, बाई, गावात चिटणीसाचे काम बहुधा तुमच्याच गळ्यात पडते, म्हणून हे तुम्हांला मुद्दाम सांगतो. इतिवृत्त बैठकीतच लिहावे, वाचून दाखवावे आणि जमाखर्च फळ्यावर लावावा. हिशेब विचारणारा सभासद वैरी नसतो.

राहिले साधन. आज साधन म्हटले की संगणक आणि मोबाईल डोळ्यांपुढे येतो. पण गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने काय केले ते ऐका. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे मिनिटाला किती श्वास होतात यावरून ताडता येते. पण गावच्या कित्येक दायांना मोठे आकडे मोजता येत नसत. मग मण्यांची साधी पाटी तयार झाली : दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिट संपण्याआधी लाल मणी सरकला, की धोका. ज्या हातांना काम करायचे, त्या हातांना जमेल असे ते साधन होते. पुढे याच संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली. या कामाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले : तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. यश एकट्या यंत्राचे नव्हते. शिकवणारे होते, देखरेख होती आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद होती.

याउलट, सगळा हिशेब एका पोराच्या मोबाईलवर आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात, अशी गत झाली तर? पोरगा नोकरीला पुण्याला गेला, की संस्थेची वही त्याच्याबरोबर गेली!

चुलीचे तीन दगड असतात. एक सरकला तरी भांडे कलंडते. पुढच्या वार्षिक सभेपूर्वी तुमच्या संस्थेत तीन प्रश्न विचारा. पुढाऱ्यामागे कोण तयार होत आहे? विश्वस्तांची नावे दप्तरी बरोबर आहेत का? आणि हिशेब निदान दोघांना उघडता येतो का? वाचनालयाच्या दारात पुस्तकासाठी उभ्या राहिलेल्या पोरीला कुलूप दिसू नये, एवढ्यासाठी हे विचारायचे.